तसबिरीतला देव आणि तसबिरीमागचा माणूस

एखादे जुने घर मोडते, भावाभावांत वाटण्या होतात, आणि तीन पिढ्यांनी जिच्यापुढे उदबत्ती लावली ती लक्ष्मीची तसबीर जुन्या बाजारात येऊन पडते. घेणारा ती घरी नेतो, काच पुसतो, आणि त्याच्या मनात प्रश्न उभा राहतो : हे चित्र कोणाचे? हा प्रश्न वरवर कुतूहलाचा दिसला, तरी मुळात तो नीतीचा आहे, असे आम्हांस वाटते.

विकणाऱ्याचे उत्तर बहुधा ठरलेले असते : राजा रविवर्मा! पुराव्यादाखल तो तळाशी छापलेले 'रविवर्मा प्रेस' हे शब्द दाखवितो. परंतु हे नाव छापखान्याचे आहे, चित्रकाराचे नव्हे. १८९४ साली मुंबईस निघालेला हा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. नंतर तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. १९०६ साली रविवर्मा निवर्तले; छपाई मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे चालू राहिली. महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्यासारख्या अन्य चित्रकारांची चित्रेही तेथे छापली गेली.

शिवाय मूळ चित्र खुद्द रविवर्मा यांचे असले, तरी शिळाछापाची प्रत एका हाताची नसते. प्रत्येक रंगासाठी निराळा दगड लागे, आणि मूळ चित्र पाहून तो तो रंग ठिपक्याठिपक्यांनी दगडावर उतरविणारे कारागीर निराळे असत. भिंगातून पाहिले म्हणजे त्यांच्या हातचे ते अनियमित ठिपके आजही दिसतात. नंतरच्या यांत्रिक छपाईतले ठिपके ओळीने, समान अंतरावर असतात. देवीच्या मुखावरील प्रसन्नता आपल्या देवघरापर्यंत पोहोचविली ती त्या कारागिरांनी. तसबिरीवर त्यांचे नाव सहसा नसते.

येथे कोणी म्हणेल, भाविकाला चित्रकाराशी काय कर्तव्य? तो नमस्कार करतो तो देवाला. आपल्या स्थपतींनीही आपली नावे कोठे कोरून ठेविली?

हा आक्षेप वाटतो तितका खरा नाही. बेलूरच्या बाराव्या शतकातील मंदिरात बळ्ळिगावीचा दासोज आणि त्याचा पुत्र चावण यांची नावे शिल्पांखाली कोरलेली आहेत. सोमनाथपूरच्या तेराव्या शतकातील मंदिरात मल्लितम्माचे नाव आहे. त्या नावांनी मूर्तीचे देवपण रतिमात्र उणे झालेले नाही. ज्यांनी नाव कोरले नाही त्यांची निरहंकारिता वंद्यच होय. तथापि स्वतःचे नाव स्वतः वगळणे हा त्याग, आणि दुसऱ्याचे नाव आपण पुसणे हा अपहार. या दोहोंत अंतर आहे. देवळाच्या फरशीवर देणगीदाराचे नाव कोरताना आपणांस अहंकाराची आठवण होत नाही. ती चित्रकाराच्या नावाशीच का व्हावी?

अपहार न कळतही घडतो. गोव्यात जन्मलेले रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) यांनी काढलेली देवादिकांची चित्रे दिनदर्शिकांवरून घरोघर गेली. अशा चित्राची कड चौकटीच्या मापाने कापली गेली, की कोपऱ्यातली सहीही तिच्याबरोबर जाते. कळून घडणारा अपहार याहून वाईट. मोठ्या नावाने किंमत चढते, म्हणून पुराव्यावाचून ते नाव चिकटविले, की अन्याय दुहेरी होतो : ज्याचे श्रम होते त्याला ते नाकारले जातात, आणि ज्याचे नव्हते त्याच्या माथी ते मारले जातात. त्यात हे असत्य देवाच्या तसबिरीखाली लिहिले जाते!

म्हणून ज्याच्या हाती अशी तसबीर येईल, त्याने चौकट उघडून कागदाच्या कडा पाहाव्या; सही, छापखान्याचे नाव, क्रमांक जे सापडेल ते टिपावे; ज्याचे कर्तृत्व निश्चित आहे अशा प्रतीशी ताडून पाहावे. पुरावा जेथे संपतो तेथे थांबावे आणि पाठीमागे लिहावे : 'चित्रकार अज्ञात'. आम्हांस हे शब्द उणेपणाचे वाटत नाहीत. कोणीतरी माणूस येथे राबला होता, याची ती प्रामाणिक पोच आहे, आणि उद्या खरे नाव सापडले, तर त्याची जागा तोवर मोकळी राहते.