‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार

इंग्लंडमधील डर्बीशर परगण्यात ईम नावाचे एक लहानसे खेडे आहे. सन १६६५ च्या सप्टेंबरात तेथील एका शिंप्याच्या घरी प्लेग शिरला. लंडनहून आलेल्या कापडातून तो आला, असे सांगतात. उंदीर-पिसवांचा ह्या रोगाशी असलेला संबंध त्या काळी कोणास ठाऊक नव्हता. पुढील जूनमध्ये तेथील तरुण अँग्लिकन धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन ह्यांनी आपल्या धर्मग्रामाला विनंती केली : गावाची वेस ओलांडू नका, शेजारची गावे वाचू द्या.

लोकांनी ते मानले. चर्चला कुलूप लागले, उपासना दरीत उघड्यावर होऊ लागली. बाहेरचे लोक वेशीवर धान्य ठेवीत आणि ग्रामस्थ व्हिनेगरमध्ये बुडविलेली नाणी मोबदला म्हणून ठेवीत. ज्याचे माणूस गेले त्यानेच ते शेतात पुरावे, असे ठरले. एलिझाबेथ हॅनकॉक ह्या मातेने आठ दिवसांत पती आणि सहा मुले पुरली. साथ सरेपर्यंत सुमारे २६० माणसे दगावली.

हे बलिदान आम्ही प्रवचनातून अनेकदा सांगितले आहे. परंतु एक गोष्ट नेहमी वगळली. ही विनंती करण्यापूर्वीच मॉम्पेसन ह्यांनी आपली दोन्ही लेकरे सुरक्षित ठिकाणी धाडली होती. मग त्या मातेला ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला? आम्हां ब्रह्मचारी धर्मगुरूंना ह्यावर निवाडा देणे फार सोपे. म्हणूनच तो देण्यास मन धजत नाही. ते स्वतः मात्र गावातच राहिले. पत्नी कॅथरीनही राहिली, आणि ऑगस्ट १६६६ मध्ये तिला मृत्यू आला. शिवाय त्यांच्या एकट्याच्या शब्दाला वजन नव्हते. १६६२ मध्ये पदच्युत झालेले जुने धर्मगुरू थॉमस स्टॅन्ली ह्यांना सोबत घ्यावे लागले.

पदाच्या बळावर आज्ञा देता येते, एवढा त्याग मागता येत नाही. मागणाऱ्याने निदान वेशीच्या आत असावे. तरीही आमचे समाधान होत नाही. उत्तम मेंढपाळ मेंढरांसाठी स्वतःचा प्राण देतो, असे प्रभू येशूने शिकविले. मेंढरांचे प्राण मागण्याविषयी तो बोलला नाही. त्या सहा मुलांना कोणी विचारले होते?

सन २०२० मध्ये कोविडच्या दिवसांत आम्हीही चर्चचे दार लावले. अंत्यविधीस येऊ नका, असे कित्येकांना फोनवरून सांगितले. ते योग्यच होते. एका वृद्ध मातेने तेव्हा विचारले, “फादर, मी नाही आले तरी चालेल, पण माझ्या मुलासाठी तुम्ही तरी जाणार ना?” आम्हांला मधुमेह आहे, असे काहीसे आम्ही म्हणालो. ते खरेही होते.