सेल्फ मारल्यावरच कळतं

लेहमध्ये मोटरसायकलींचा हिवाळा लांबलचक असतो. ऑक्टोबर सरता सरता पर्यटक ओसरतात आणि भाड्यानं फिरणाऱ्या बुलेट, हिमालयन ताडपत्रीखाली जातात. सुमारे 3,500 मीटर उंचीवरच्या या गावात भर थंडीतल्या रात्री पारा उणे 20च्या आसपास उतरू शकतो. उन्हाळा लागला, पुण्या-नाशकाकडची मंडळी विमानानं येऊन गाड्या मागू लागणार असं दिसलं, की एकेक गाडी पुन्हा अंगणात निघते. चावी फिरवली तर सगळं जागच्या जागी. हेडलाइट लागतो, इंडिकेटर चालतो, हॉर्नही कसाबसा वाजतो. सेल्फचं बटण दाबलं की मात्र सीटखालून नुसतं टिक-टिक.

पहिला संशय बॅटरीवर जातो आणि तो रास्तच असतो. पण थंडी सगळ्याच बॅटऱ्यांना मारत नाही. पूर्ण चार्ज असलेल्या शिसे-आम्लाच्या बॅटरीतलं द्रावण उणे 50 अंशांपर्यंतही गोठत नाही. उतरलेल्या बॅटरीत आम्ल कमी आणि पाणी जास्त उरतं. ते उणे 10च्या आसपासच गोठतं आणि बॅटरीची पेटी तडकवू शकतं. म्हणून जाणता मेकॅनिक थंडीआधीच बॅटरी काढून घरात ठेवतो आणि अधूनमधून चार्ज करतो. अशी जपलेली बॅटरी मल्टिमीटरवर 12.6 व्होल्ट दाखवते. ती बसवूनही टिक-टिक थांबत नाही, तेव्हा खरा शोध सुरू होतो.

बॅटरीतून निघालेली वीज लाल वायरनं कामावर जाते आणि इंजिनच्या धातूतून, चासीतून, शेवटी एका काळ्या वायरनं बॅटरीकडे परत येते. लाल वायरीकडे सगळ्यांचं लक्ष असतं. काळी वायर चासीला किंवा इंजिनला जिथे बोल्टनं आवळलेली असते, तिथे कोणी बघत नाही. वितळत्या बर्फाचं पाणी, धूळ आणि साठलेली ओल यांनी त्या बोल्टाखाली किटण चढतं. समजा त्या किटणाचा अडथळा 0.05 ओहम आहे. 60 वॅटचा हेडलाइट सुमारे 5 अँपिअर ओढतो. तेवढ्याला या सांध्यात पाव व्होल्ट वाया जातो, उजेडात फरकही जाणवत नाही. सेल्फच्या मोटरनं 80 अँपिअर ओढायचं म्हटलं, तर हिशेबानं याच सांध्यात 4 व्होल्ट जिरतील. मग मोटर फिरणार कशाच्या जोरावर? मोटरला वीज जोडणारी रिले चिकटते, ताण येताच सुटते, पुन्हा चिकटते. ती टिक-टिक हीच. सांधा तोच, किटणही तेवढंच. मागणी वाढली, तसा तोटा वाढला. जर्मनीच्या गेओर्ग ओहम यांनी 1827 साली ग्रंथात मांडलेला नियम तो हाच.

यातली खरी मेख तपासण्याच्या पद्धतीत आहे. नवशिका मेकॅनिक मल्टिमीटर लावतो, ‘बीप’ वाजते, तो म्हणतो वायर ठीक आहे. पण वायरीची एकच तार शाबूत असली, तरी बीप वाजते. मीटरला तपासणीपुरता नाममात्र प्रवाह लागतो. मुरलेला मेकॅनिक मीटर व्होल्टवर ठेवतो, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर धरतो, आणि मग कुणाला तरी सांगतो, “सेल्फ मार.” आकडा दोन-तीन दशांशाच्या आत राहिला तर वाट साफ आहे. एक-दीड व्होल्टवर गेला तर दुखणं तिथेच. बटण दाबण्याआधी मात्र तोच मीटर जवळजवळ शून्य दाखवत असतो. भार नसताना घेतलेल्या परीक्षेत चांगल्या आणि सडक्या सांध्याला सारखेच गुण मिळतात. नवी बॅटरी आणण्याआधी बोल्ट सोडवून, पॉलिश पेपरनं धातू चमकेपर्यंत घासून पुन्हा आवळला, तर पुष्कळदा काम भागतं.

आपली किती नाती अशी बिनभाराच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेली असतात! दिवाळीला शुभेच्छा, वाढदिवसाला केकचं चित्र, रोज सकाळी सुप्रभात. बीप वाजते आणि आपण निश्चिंत होतो. मग एखाद्या रात्री घरातलं कुणी अॅडमिट होतं. आपण फोन हातात घेतो आणि इतक्या नावांपैकी नेमका कुणाला लावावा, हे सुचत नाही. त्या क्षणी आपण माणसांना दोष देतो, नाती संपली म्हणतो. खरं तर पुष्कळदा काहीच तुटलेलं नसतं. वर्षानुवर्षं कुणी कुणाकडे काही मागितलेलं नसतं, एवढंच.

न मागणं हा आपल्याकडे गुण मानतात. कुणाच्या अध्यात ना मध्यात, कुणाला आपला त्रास नको, कुणाचे उपकार नकोत. ही वृत्ती स्वाभिमानाची खरीच. पण स्विच आणि रिले बनवणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक असते. ज्या संपर्कबिंदूंतून फारच क्षीण प्रवाह जातो, त्यांच्यावर ऑक्साइडचा पातळ थर साचत राहतो. म्हणून अशा स्विचसाठी कमीत कमी किती प्रवाह हवा, हे ठरवून दिलेलं असतं. थोडी खरी वीज वाहत राहिली, तर थर टिकत नाही. इंजिन बंद करायचा, हिवाळाभर न हललेला किल स्विच मेकॅनिक आधी पाच-दहा वेळा इकडे-तिकडे करतो, तेही त्या थरासाठीच. घर्षणानं तो निघतो.

भार घालून बघायचा तर तोही सवडीनं, अंगणात. लेहजवळच्या खार्दुंग ला खिंडीच्या चढावर, विरळ हवेत, अंधार पडायच्या बेतात बघायचा नाही. माणसांच्या बाबतीत सवडीचा भार म्हणजे छोटी, खरी मागणी. शेजाऱ्याकडे चार दिवस कुंड्यांना पाणी घालायला किल्ली द्यावी. भावाला म्हणावं, बँकेच्या कामाला सोबत ये. जुन्या मैत्रिणीला विचारावं, मुलीला गणित शिकवशील का आठवडाभर? समोरचा अडखळला, तरी ते आज कळलेलं बरं. घासून-पुसून घ्यायला वेळ हाताशी असतो. आणि मागणी आपल्याकडे आली, तर ती कटकट समजू नये. आपल्यातून वीज जाते की नाही, हे पडताळून पाहण्याइतका कुणाचा तरी आपल्यावर विश्वास आहे, असा त्याचा अर्थ.

आज सकाळी फुलांचं चित्र पुढे पाठवण्याआधी थोडं थांबा. त्याच माणसाला फोन करून एखादं लहानसं काम सांगा.