गप्प बसलेल्याचा हिशेब

जेम-फाइव्ह हा प्रोसेसरचा सिम्युलेटर. मिशिगनचा एम-फाइव्ह आणि विस्कॉन्सिनचा जेम्स यांच्या सोयरिकीतून २०११ साली पुढे आलेला. गृहस्थ मोठा शिस्तीचा! स्क्रिप्टच्या नावाआधी लिहिलेला पर्याय स्वतःकडे ठेवतो, नंतरचा स्क्रिप्टच्या हवाली करतो. जागा चुकली, की ‘असा पर्याय नाही’ म्हणून अंगावर खेकसतो.

पण आपण काही बोललोच नाही तर? मग चकार शब्द विचारत नाही. जुन्या ‘एसई’ स्क्रिप्टला मी ‘--कॅशेस’ सांगायचं विसरलो, तर त्यानं कॅश नसलेला साधा ‘अ‍ॅटॉमिक’ प्रोसेसर निमूट घेतला. त्यात मेमरी म्हणे लगेच उत्तर देते! आकडे देखणे आले, फक्त खरे नव्हते. साहेबांपुढे मी म्हणालो, ‘‘मी तर काहीच निवडलं नव्हतं!’’

हे वाक्य आपण पूर्वी कुठं बरं म्हटलंय? आठवलं. सोसायटीच्या सभेत म्हाताऱ्या रखवालदाराला काढायचं ठरलं, तेव्हा मी चहात बिस्किट बुडवत होतो. इतिवृत्तात आलं – ‘सर्वानुमते’.

जेम-फाइव्ह दर वेळी ‘कॉन्फिग.आयएनआय’ नावाची फाइल लिहून ठेवतो. आपण सांगितलेलं आणि न सांगितलेलं, दोन्ही तीत शेजारी शेजारी. चित्रगुप्तच म्हणा ना! ‘गप्प होतो’ असा रकाना तिथं नाही.

रखवालदाराचा पत्ता मी अजून शोधतोय. बिस्किट मात्र त्या दिवशी अगदी वेळेवर बाहेर काढलं होतं.