एका होडीवर दोन तांडेल

ऊठ. दात विचकू नकोस. काल प्रात्यक्षिकात स्टोरेजमधून कापलेलं एकच लन दोन सर्व्हरना जोडलंस. दोन्हीकडे डी ड्राइव्ह दिसला आणि टाळ्या पिटल्यास, "सर, शेअर झालं!" आज त्यातल्या निम्म्या फायली उघडत नाहीत. वाढवणच्या कोळ्याचा पोरगा ना तू? एका होडीवर दोन तांडेल कधी पाहिलेस का रे?

सॅन आणि नॅस यांतला फरक मी तीनदा फळ्यावर मांडला. नॅस फाइल देतं आणि कोण काय लिहितोय याचा हिशेबही तेच ठेवतं. सॅन नुसते ब्लॉक देतं. फायली मांडायच्या सर्व्हरने. साध्या एनटीएफएसला वाटतं, ही डिस्क माझ्या एकट्याची. दुसरा मागून काय खरडतोय, हे त्याला कळतच नाही. वाटून वापरायचं तर क्लस्टरची फाइल सिस्टिम हवी. नाहीतर लन मास्किंग लावायचं, ज्याचं त्यालाच दिसेल असं.

धंदेवाले सॅनवर पैसे ओततात ते हौसेने नाही. प्रत्येक सर्व्हरच्या पोटात डिस्क कोंबाव्या लागत नाहीत, जागा लागेल तशी देता येते, एक सर्व्हर मेला तर त्याचं लन दुसरा उचलतो. आणि एक वाट तुटली तरी काम थांबू नये म्हणून दोन स्विच, दोन वाटा. तू दोन्ही केबली एकाच स्विचमध्ये खुपसल्यास!

वर वहीत लिहिलंस, "सॅन असल्यावर बॅकअप नको." चुकून पुसलेली फाइल सॅनही इमानदारीत पुसतं, बाळा. नोव्हेंबर 2018 पासून धुंदलवाडी-तलासरीकडे जमीन हादरू लागली, तेव्हा माणसं घर सोडून तंबूत झोपली. आणि तुझी दुसरी प्रत? त्याच खोलीत, त्याच रॅकमध्ये!

30 ऑगस्ट 2024 ला तुमच्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली. ते हवं की नको, हे गावाचं भांडण मी वर्गात आणत नाही. पण तिथल्या सर्व्हररूमची स्वप्नं तूच बघतोस. नऊ कंटेनर टर्मिनल आखलेत तिथे. मोकळं पाणी दिसलं म्हणून कुठलंही जहाज कुठल्याही धक्क्याला लागत नाही, नेमून दिलेल्याच धक्क्याला लागतं. एवढं तरी समुद्राकडून शिक.

जा. मास्किंग लाव, दुसरा स्विच जोड, बॅकअप दुसऱ्या इमारतीत ठेव. मग माझ्यासमोर एक केबल उपट. काम थांबलं, तर पुन्हा पहिल्यापासून.