शंकेचा रकाना

बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला ‘कुठले तुम्ही’ असं विचारलं, की तालुक्याच्या आधी ‘घाटावरचे’ किंवा ‘घाटाखालचे’ हे उत्तर येतं. राजूर घाट किंवा बोथ्याचं जंगल ओलांडलं की हवा बदलते, बोली थोडी बदलते आणि पाणीही बदलतं. वर बुलढाणा, चिखली, मेहकर. इंग्रजांना मानवलेली थंड हवा. खाली पूर्णेचं खोरं. तिथे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागांत खारपाणपट्टा पसरलेला आहे आणि तो पुढे अकोला-अमरावतीपर्यंत जातो. विहीर खणावी, बोअर मारावा, तर पाणी लागतं. पण ते तोंडात धरवत नाही.

सरकारी एस्टिमेटमध्ये मात्र जिल्हा हे एकच एकक असतं.

खामगावकडचे एक ओळखीचे गृहस्थ सोलर वॉटर हीटर बसवण्याची कामं घेतात. वसतिगृहं, आश्रमशाळा, धर्मशाळा. एकदा त्यांच्या हाती खारपाणपट्ट्यातल्या एका वसतिगृहाचं काम आलं. ड्रॉइंग वरून आलेलं होतं: तांब्याच्या नळ्यांचे सपाट कलेक्टर, ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची टाकी, आणि बोअरचं पाणी थेट त्यातूनच फिरणार. हेच ड्रॉइंग घाटावर लागलं असतं तर त्यांनी दुसऱ्यांदा पाहिलंही नसतं. इथे त्यांनी ते पाहिलं आणि म्हणाले, ‘‘पानी पाह्यल्याबिगर नकाशा काढला भाऊ यानं.’’

ही शंका नुसत्या अनुभवाची नव्हती, तिला रसायनशास्त्राचा आधार होता. कठीण पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट पाणी तापलं की कार्बोनेट होऊन तळाशी आणि भिंतींना बसतं. जुन्या तांब्याच्या बंबात आजीने खरवडलेला पांढरा थर तो हाच. साठ अंशांच्या पुढे हे काम वेगाने होतं. कलेक्टरच्या उभ्या नळ्या जेमतेम अर्ध्या इंचाच्या. त्यांत थर बसला की पाण्याचं फिरणं मंदावतं, कारण या यंत्रणेत पंप नसतो. गरम पाणी हलकं होऊन वर चढतं एवढ्याच बळावर सगळं चालतं. क्लोराइड जास्त असेल तर ३०४च्या पत्र्याला बारीक खड्डे पडून टाकी पाझरू लागते ते वेगळंच. त्यात वसतिगृह मे महिन्यात रिकामं. ऊन सगळ्यात कडक तेव्हा गरम पाणी काढणारं कोणी नाही, म्हणजे उकळत राहायचं आणि थर धरायचा. यावर उपायही ठाऊक आहेत: हीट एक्स्चेंजर घालून कलेक्टरमध्ये वेगळं, बंद पाणी फिरवायचं, किंवा काचेच्या निर्वात नळ्या आणि आतून इनॅमल केलेली टाकी वापरायची. दोन्हींचा खर्च आणि देखभाल वेगळी.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानतं आणि दुसरा स्रोत नसेल तर ६००पर्यंत चालवून घेतं. तेव्हा ‘पाणी तपासलेलं आहे, पिण्यायोग्य आहे’ हा शेरा फाइलीत खराही असू शकतो. माणसाला चालणारं पाणी नळीला चालेलच असं नाही, आणि हा फरक फाइलीत कुठे लिहायचा हे कोणी सांगितलेलं नसतं.

सार्वजनिक कामांच्या निविदेचे आपल्याकडचे नमुने पाहा. बी-१ मध्ये कंत्राटदाराने खात्याच्या एस्टिमेटवर किती टक्के अबाव्ह किंवा बिलो एवढंच सांगायचं. बी-२ मध्ये प्रत्येक बाबीचा दर भरायचा. टक्केवारीसाठी जागा आहे, दरासाठी जागा आहे. शंकेसाठी रकाना नाही. प्री-बिड बैठक असते खरी, पण तिथे ड्रॉइंगवर प्रश्न विचारणारा काम न मिळवताच वाईट होतो. काम मिळाल्यावर विचारलं तर ‘टेंडर भरताना साइट पाहिली नव्हती का?’ हा तयार प्रश्न येतो. तोही अगदीच गैर नाही.

अधिकाऱ्यांची बाजू इथे मांडायला हवी, कारण कंत्राटदाराची प्रत्येक शंका पवित्र नसते. ‘डिझाइन चुकलंय साहेब’ या वाक्यामागून पुष्कळदा एक्स्ट्रा आयटम येतो. पंधरा टक्के बिलो भरून काम घ्यायचं आणि उरलेली रक्कम बदलांतून वसूल करायची, हा रिवाज कार्यकारी अभियंत्याला पाठ असतो. म्हणून माझी कसोटी साधी आहे: शंका काढणाऱ्याचं त्या शंकेतून काय वाढतं? नुसती डोकेदुखी वाढत असेल, तर ती नीट ऐकावी.

अमेरिकेत हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ब्रुकलिनच्या नौदल गोदीत ड्राय डॉक बांधण्याचं काम स्पिअरिन नावाच्या कंत्राटदाराकडे होतं. आधी तिथला एक गटारमार्ग हलवायचा होता, तोही सरकारने दिलेल्या मापांनी. त्याने तो तसाच हलवला. पुढे जोराचा पाऊस झाला आणि गटार फुटलं, कारण त्याला जोडलेल्या दुसऱ्या गटारात एक बांध होता आणि तो नकाशात दाखवलेलाच नव्हता. १९१८च्या निकालात न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी म्हटलं, की नकाशा ज्याने दिला त्याने तो पुरेसा आहे याची हमीही दिली असं धरलं जाईल. ‘साइट पाहून घ्या’ असं कलम टाकून ती हमी सुटत नाही. मात्र ढळढळीत दिसणारा दोष पाहूनही गप्प बसलेल्या कंत्राटदाराला तिथली न्यायालयं ही ढाल सहजासहजी देत नाहीत. नकाशातला दोष नकाशा देणाऱ्याचा, तो दिसल्यावर सांगण्याची जबाबदारी पाहणाऱ्याची, ही वाटणी मला रास्त वाटते.

आपल्याकडे तिसरीच वाट जास्त चालते. साहेबाला दुखवायचं नाही आणि कामही बिघडू द्यायचं नाही, म्हणून माणूस साइटवर गुपचूप बदल करतो: पाइप थोडा जाडा घालतो, एखादा व्हॉल्व्ह जादा बसवतो. मोजमाप पुस्तकात (एमबीत) चढतं ते ड्रॉइंगप्रमाणे. त्याच्या चांगुलपणाबद्दल आदर ठेवूनही मला ही वाट सगळ्यात घातक वाटते. अमेरिकेतच १९८१ साली कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात दोन लटकते पूल कोसळून ११४ माणसं गेली. मूळ नकाशात दोन्ही पूल एकाच लांब सळईला टांगलेले होते. तशी सळई करणं जिकिरीचं, म्हणून तयार करणाऱ्यांनी एकीच्या दोन सळया केल्या आणि वरच्या पुलाच्या सांध्यावर दुप्पट भार आला. बदल फोनवर विचारला होता की नाही, यावर पुढे वाद झाला. कागदावर शिक्का मात्र अभियंत्यांचा होता आणि परवाने त्यांचेच गेले. चौकशीत निघालं की मूळ रचनासुद्धा नियमाने हव्या त्या ताकदीच्या जेमतेम साठ टक्के होती. सळई करणाऱ्याची अडचण खरी होती. तिच्या निमित्ताने कोणी पूर्ण हिशेब पुन्हा मांडला असता, तर मूळची उणीवही उघडी पडली असती. अडचण हिशेबापर्यंत पोचण्याआधीच सुटली.

आमच्या गृहस्थांनी ना नकार दिला ना गुपचूप बदल केला. बोअरच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत दिला, अहवाल जोडून पत्र लिहिलं, आवक शिक्का घेतला. पत्रात दोनच गोष्टी होत्या: या पाण्यात ही रचना किती तग धरेल याबद्दलची शंका, आणि लेखी आदेश आल्यास ड्रॉइंगप्रमाणे बसवण्याची तयारी. उत्तर आलं, ‘मंजूर अंदाजपत्रकाप्रमाणे काम करावे.’ त्यांनी केलं. दोषदायित्वाच्या मुदतीत नळ्या चोंदल्या, तेव्हा अनामत अडकली. मग ते पत्र पुढे आलं आणि बऱ्याच खेट्यांनी पैसे सुटले. वसतिगृहातली मुलं एव्हाना पुन्हा थंड पाण्यावर आली होती. ‘‘पत्रानं मी वाचलो, पोरं नाई वाचली,’’ असं ते म्हणाले, तेव्हा त्यांच्या आवाजात सुटकेपेक्षा चीड जास्त होती.

लेखी शंकेला म्हणूनच उत्तराचं बंधन हवं: ठरावीक दिवसांत, सही करणाऱ्याच्या नावानिशी आणि कारणासह. ‘अंदाजपत्रकाप्रमाणे करावे’ हे कारण नव्हे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा आहे. पाण्याचा अहवाल जोडल्याशिवाय गरम पाण्याच्या यंत्रणेला तांत्रिक मान्यताच देऊ नये, एवढं केलं तरी निम्मा वाद जन्मण्याआधी संपेल. त्याला नवा कायदा लागत नाही.

ते गृहस्थ आता घाटाखालचं टेंडर भरण्याआधी स्वतः बाटलीत पाणी भरून तपासायला देतात. पाणी वाईट निघालं तर नळ्या साफ करण्याचा दोन-तीन वर्षांचा खर्च टक्केवारीत धरतात. त्यामुळे त्यांचा आकडा वर जातो आणि काम पाणी न तपासणाऱ्याला मिळतं.