मातीचा तट कोणासाठी राखायचा?

“मातीचा ढीगच तं हाये, यात काय पाहाचं?” गोसीखुर्द धरणाच्या वाटेवर, पवनीच्या जुन्या तटाकडे हात करून एकाने म्हटले. ते वाक्य मला अजून सलते आहे. पवनीचे स्तूप, १९६९-७०चे उत्खनन, मुचलिंद नागाचे शिल्प यांविषयी भंडाऱ्याच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. मला सलतो तो तट. एका अंगाला वैनगंगा, बाकीच्या अंगांना खंदक आणि मातीचा उंच बांध. ही माती कोणीतरी डोक्यावरून वाहिली आहे.

राजाने मिरवण्यासाठी बांधले ते एक, आणि माणसांनी जगण्यासाठी रचले ते वेगळे. आपली श्रद्धा पहिल्यावर. दुसऱ्याचे उदाहरण आयर्लंडात आहे. तिथे मातीच्या बांधाची गोल कुंपणे सुमारे ४५,००० नोंदली आहेत. त्यांना रिंगफोर्ट म्हणतात, पण बहुतेकांत ना राजा होता ना फौज. हजार-दीड हजार वर्षांपूर्वी एकेक शेतकरी कुटुंब गुराढोरांसह तिथे राहत होते. आज कायदा त्या कुंपणांना स्मारक मानतो. कायद्याआधी त्यांना भीतीने राखले. आत अदृश्य लोकांचा वास आहे, तिथले काटेरी झाड तोडले की घरावर संकट येते, असा समज होता. शेतकरी नांगर वळवून नेत. पुढे यंत्रे आली, भय ओसरले आणि कित्येक कुंपणे सपाट झाली.

माझे एक स्नेही म्हणतात, गोसीखुर्दमधून अडीच लाख हेक्टरला पाणी द्यायचे असताना ढिगारे कसले जपता? धानाला पाणी हवेच, त्यावर वाद नाही. पण मोजणी करायला, नकाशा काढायला पाणी कधी आड आले? राजीव गांधींनी गोसीखुर्दची पायाभरणी केली १९८८ साली. त्याच सुमारास कुही तालुक्यात अडमच्या तटबंदी असलेल्या प्राचीन वस्तीचे उत्खनन सुरू झाले. दोन्ही कामे एकाच मुलखात चालू शकली.

मी निघालो होतो पवनीच्या तटाला कडक संरक्षण मागायला. पण केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम बंद, पुढच्या दोनशे मीटरवर परवानगी, हा नियम डोळ्यांपुढे आला आणि अडखळलो. पवनी आजही त्याच जुन्या जागेवर नांदते आहे. ज्या तालुक्याने धरणासाठी गावे सोडली, तिथल्याच माणसाला पोरासाठी एक खोली वाढवू नको म्हणायचे? जगणाऱ्यांच्या तटासाठी जगणाऱ्यांनाच अडवले, तर माझा भेद मीच मोडला.

म्हणून आता माझे म्हणणे वेगळे आहे. आधी नोंद हवी. आयर्लंडात एकोणिसाव्या शतकातल्या मोजणीच्या नकाशांवर ही कुंपणे उतरली होती. राष्ट्रीय स्मारकांचा कायदा आला तो नंतर, १९३० साली. पवनीचा तट तसाच इंच न् इंच मोजावा. जिथे घरे नाहीत तो भाग राखावा. जिथे आहेत, तिथे राहणाऱ्यांना विचारून पुढचे ठरवावे. आणि नोंद पवनीपाशी थांबू नये. धरणात गेलेल्या गावठाणांचे पार, विहिरी, गोठे, वाडग्यांची कुंपणे हीसुद्धा शेतकऱ्यांचीच रचना होती. कोणाचे घर कोणत्या आळीत होते, हे बोट ठेवून सांगणारी म्हातारी माणसे पुनर्वसनाच्या वस्त्यांत आज आहेत. मोजणीदाराने पहिल्यांदा त्यांच्याकडे जावे.