बकरीला आधी येऊ द्या

बकरी पाला खाते, बकरी दूध देते, बकरी ‘बें बें’ करते. बालवाडीपासून पहिलीपर्यंत बकरीची ओळख एवढ्यातच आटोपते. वाक्यं खरी आहेत, पण ती ऐकून मुलाला बकरीचा उपयोग कळतो, बकरी कळत नाही.

दीपनगरात हे जास्त जाणवतं. भुसावळच्या औष्णिक वीज केंद्राची ही वसाहत. आत क्वार्टर्स, रस्ते आणि ५०० मेगावॅटच्या संचांच्या उंच चिमण्या. बाहेर फेकरीसारखी गावं, बाभळी, बोरी आणि कडेकडेनं चरणाऱ्या बकऱ्या. वसाहतीतलं चार वर्षांचं पोर तक्त्यावरचा जिराफ झटकन दाखवतं. बकरी मात्र त्यानं बहुधा गाडीच्या काचेतूनच पाहिलेली असते.

लहान मुलाला प्राण्याची ओळख करून देणं म्हणजे त्याला त्या प्राण्याच्या मर्जीनं वागायला शिकवणं, असं मला ठामपणे वाटतं. आपण नेमकं उलट करतो. करडू उचलून मुलाच्या मांडीवर ठेवतो, मोबाइल काढतो, आणि करडू ओरडायला लागलं की ‘बघ, कसं ओरडतंय’ म्हणून हसतो. त्यातून मूल एवढंच शिकतं की दुसऱ्याची भीती ही गंमत असते.

त्याऐवजी मुलांना थोडं लांब, शांत बसवावं. बकरीला कुतूहल फार. ती आपणहून येते, हुंगते, शर्टाचं टोक ओठांनी चाचपते. आली की तिचे डोळे दाखवावेत. बाहुली आडवी, फटीसारखी. त्यामुळे मान न वळवता तिला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, आणि चरायला मान खाली घातली तरी डोळा असा फिरतो की ती फट जमिनीला समांतरच राहते. लांडग्या-बिबट्यांना भिऊन जगणाऱ्या जनावराचा हा डोळा आहे. हे समजलेलं मूल मागून धावत जाऊन तिला दचकवणार नाही.

मग तिचं खाणं. गवत समोर असलं तरी ती मागच्या दोन पायांवर उभी राहून बाभळीची फांदी ओढते, काट्यांमधून नेमका पाला टिपते. तिला वरचे पुढचे दात नसतात, तिथं कडक हिरडी असते. सावलीत बसून रवंथ करताना तिचा खालचा जबडा आडवा फिरतो. मुलं लगेच नक्कल करतात, करू द्यावी. बिस्किटं आणि उरलेल्या पोळ्या मात्र देऊ नयेत. पीठ-धान्य एकदम जास्त पोटात गेलं की तिच्या पोटात आम्ल वाढतं आणि ती दगावूसुद्धा शकते. आणखी एक सांगायचं: बोकडाच्या कपाळाला हात लावून ढकलायचं नाही. त्याला ते टकरीचं आमंत्रण वाटतं, आणि ती सवय तो मोठा झाल्यावरही सोडत नाही.

लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. खाऊ असलेल्या डब्याचं झाकण उघडेना, तेव्हा बकऱ्या समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघू लागल्या. बकऱ्या पाळणाऱ्या कुठल्याही बाईला हे नवं वाटणार नाही. दावं अडकलं की बकरी कशी बघते, हे तिला पाठ असतं.

म्हणूनच या धड्याला शिक्षक म्हणून तिला बोलवावं, किंवा तिच्या मुलाला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूच्या बाजूला कोसबाडला कुरणशाळा चालवल्या. आदिवासी पोरं गुरं राखायला जात, म्हणून शाळाच कुरणावर नेली. मुलाचं काम हा शिक्षणातला अडथळा त्यांनी मानला नाही. आज वर्गात ज्या मुलाच्या घरी बकऱ्या आहेत, ते मागच्या बाकावर गप्प बसतं. अंगाला वास येतो म्हणून बाकीचे चिडवतात. कोणती बकरी गाभण आहे, कोणतं करडू कोणाचं, हे त्याला येतं. व्यालेली बकरी पिल्लाला चाटून वासानं ओळखते आणि दुसरीचं पिल्लू आचळाला लागलं तर ढुशी मारून हाकलते, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं असतं. एक तास तरी त्याला बोलू द्यावं.

अवघड प्रश्नही येईल: ‘तो बोकड कुठं गेला?’ बाजारात विकला, लोक त्याचं मटण खातात, असं सरळ सांगावं. ज्या घराची फी त्या पैशातून भरली जाते, त्या घरातलं मूल हे सत्य जाणून असतं आणि तरी त्याच बोकडाला माया लावतं. बाकीच्यांपासून ते लपवण्यात मला काही शहाणपण दिसत नाही.

दीपनगरच्या पालकांना आणि परिसरातल्या अंगणवाडीताईंना माझी विनंती आहे. थंडीच्या दिवसांत सकाळी बकरीवाल्यांना आधी विचारून मुलांना कुंपणाबाहेर न्या. मोबाइल पिशवीत ठेवा, बकरी जवळ येईपर्यंत बसून राहा, आणि परत आल्यावर सगळ्यांचे हात साबणानं धुवा.